रंग बदलेपर्यंतचं अभय

(दृश्य: आकाशातून दिसणारा समुद्रावरचा फुटका बर्फ, त्यावर विखुरलेले सील)

फेब्रुवारीच्या अखेरीस कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, सेंट लॉरेन्सच्या आखातात आणि न्यूफाउंडलंड-लॅब्रॉडॉरच्या समोरच्या समुद्रात, हार्प जातीच्या सीलच्या माद्या पिल्लं घालायला तरंगत्या बर्फावर चढतात. एका मादीला एकच पिल्लू होतं. जन्मतः दहा-अकरा किलोचं, अंगावर पांढरीशुभ्र लव. आईचं दूध इतकं दाट, की त्यात जवळजवळ निम्मी चरबीच. बारा दिवसांत पिल्लाचं वजन तिपटीला पोचतं आणि आई त्याला सोडून निघून जाते, ती कायमची. त्यापुढचे काही आठवडे पिल्लू साठवलेल्या चरबीवर काढतं. पाण्यात उतरायचं, मासा पकडायचा, हे सगळं त्याला आता एकट्यानंच शिकायचं असतं. याच दिवसांत पांढरी लव झडते आणि खालची रुपेरी, ठिपक्यांची कातडी उघडी पडते.

फरच्या व्यापाऱ्याला हवी असते ती हीच कातडी.

(दृश्य: बर्फातून वाट काढणाऱ्या छोट्या मासेमारी बोटी)

शिकार होते बंदुकीनं किंवा हाकापिकनं. हाकापिक म्हणजे लांब लाकडी दांडा, त्याच्या टोकाला लोखंडी हातोडी आणि अणकुचीदार आकडा. सरकारी नियम सांगतो: आधी डोक्यावर घाव, मग कवटी फुटली की नाही ते हातानं चाचपून पाहणं, मग रक्त काढणं. कागदावर क्रम स्वच्छ आहे. पण बोट डोलत असते, बर्फ हलत असतो, जनावरही हलत असतं. हंगाम थोड्या दिवसांचा, प्रत्येकाला घाई. २००७ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या शास्त्रज्ञांनी सगळे पुरावे तपासले. त्यांचा निष्कर्ष असा, की सीलला झटपट, फारशा यातना न देता मारणं शक्य आहे, पण प्रत्यक्षात दर वेळी तसं घडत नाही. काही जनावरं जखमी होऊन पाण्यात निसटतात, काहींना शुद्ध असतानाच वेदना भोगाव्या लागतात. या शिकारीच्या विरोधात इतकं एक कारण मला पुरेसं वाटतं.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

जगाला हे पहिल्यांदा दिसलं १९६४ मध्ये, रेडिओ-कॅनडानं आखातातल्या शिकारीचं चित्रीकरण दाखवलं तेव्हा. त्यातल्या एका दृश्याच्या खरेपणावर पुढे मोठा वाद झाला, आणि तो लपवण्याचं कारण नाही. कारण त्यानंतर अनेकांनी स्वतः बर्फावर जाऊन पाहिलं. ब्रायन डेव्हिस हे प्राणिरक्षण संस्थेचं काम करणारे गृहस्थ त्यांतलेच. त्यांनी १९६९ मध्ये प्राणिकल्याणाचा आंतरराष्ट्रीय निधी स्थापन केला, तो मुख्यतः याच लढ्यासाठी. १९७६ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचे रॉबर्ट हंटर आणि पॉल वॉटसन शिकारी जहाजाच्या वाटेत बर्फावर उभे राहिले. १९७७ च्या मार्चमध्ये फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दो तिथे पोचल्या आणि पांढऱ्या पिल्लाजवळचं त्यांचं छायाचित्र जगभरच्या मासिकांत झळकलं.

युरोपातल्या घराघरांतून पत्रांचा पाऊस पडू लागला. १९८३ मध्ये युरोपीय समुदायानं पांढऱ्या पिल्लांच्या कातडीची आयात थांबवली. पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये कॅनडाच्या माशांवरच बहिष्काराची हाक दिली गेली. सीलच्या कातडीपेक्षा माशांचा व्यापार कितीतरी मोठा, त्यामुळे हा घाव वर्मी बसला. अखेर १९८७ मध्ये कॅनडानं पांढऱ्या पिल्लांची व्यापारी शिकार आणि मोठ्या जहाजांवरून होणारी शिकार बंद केली.

लढाई जिंकली, असं अनेकांना वाटलं. पण अभय मिळालं होतं ते पांढऱ्या रंगाला. तेच पिल्लू दोन-तीन आठवड्यांनी करडं झालं, की त्याला मारायला कायद्याची आडकाठी नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून शिकार पुन्हा वाढली. २००४ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक हार्प सील मारले गेले, २००६ मध्येही तितकेच. त्यांतली बहुतेक तीन महिन्यांच्या आतली पिल्लं होती.

(दृश्य: न्यूफाउंडलंडमधलं बंदर, काठावर ओढून ठेवलेल्या बोटी)

शिकार का वाढली, हे समजून घ्यायचं तर कॉड माशाकडे वळावं लागतं. २ जुलै १९९२ रोजी सरकारनं न्यूफाउंडलंडची कॉडची मासेमारी थांबवली. जाळी ओढत नेणाऱ्या अवाढव्य ट्रॉलर बोटींनी दशकानुदशकं समुद्र खरवडून काढला होता, मासा उरलाच नव्हता. तीस हजारांच्या आसपास लोकांचा रोजगार एका घोषणेनं गेला. गावंच्या गावं ओस पडली. मग बोट दाखवलं गेलं सीलकडे: हाच आपला मासा खातो. सील कॉड खातो, हे खरं. पण कॉडचे साठे संपवले जाळ्यांनी.

इथल्या शिकाऱ्याला मी राक्षस म्हणणार नाही. याच बर्फावर १९१४ च्या वसंतात वादळात अडकून एका जहाजाची ७८ माणसं गोठून मेली आणि त्याच दिवसांत दुसरं जहाज १७३ जणांसह बेपत्ता झालं. २००८ च्या मार्चमध्ये आखातातल्या मॅग्डालेन बेटांचे चार शिकारी बोट उलटून मरण पावले. पोटासाठी जीव धोक्यात घालणारी ही माणसं आहेत. त्यांना दुसरा मार्ग देणं हे सरकारचं काम होतं. सरकार मात्र कातडीला नवी बाजारपेठ शोधत राहिलं.

(दृश्य: उत्तर कॅनडातल्या नुनावुत प्रदेशातली वस्ती, ताणून वाळत घातलेली सीलची कातडी)

आणि इथे विरोध करणाऱ्यांनाही उत्तर द्यावं लागतं. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक हजारो वर्षं सीलवर जगले आहेत. मांस घरात आणि शेजारी वाटून खायचं, कातडी अंगावर घालायची, उरलेली विकून आलेल्या पैशांतून इंधन आणि काडतुसं घ्यायची. आर्क्टिकच्या दुकानात ताजं अन्न परवडत नाही, तिथे हे मांस म्हणजे पोषण. १९८३ च्या बंदीतून इन्युइट शिकारीला सूट होती. पण कातडीचा बाजारच कोसळला, आणि कोसळताना त्यानं ही कातडी कुणाची, ती कुणाची, असं विचारलं नाही. २०१४ मध्ये इन्युइटांनी सीलच्या कातडीतली आपली छायाचित्रं समाजमाध्यमांवर टाकून ही वेदना जगापुढे मांडली. त्याच वर्षी ग्रीनपीस कॅनडानं त्यांची माफी मागितली. ती फार आधी मागायला हवी होती. फॅशनच्या दुकानासाठी लाखांनी मारलेली पिल्लं आणि एका कुटुंबानं खाण्यासाठी मारलेला प्रौढ सील यांतला फरक मोहिमांच्या पत्रकांत ठळक दिसायला हवा होता.

(दृश्य: जीनिव्हा, जागतिक व्यापार संघटनेची इमारत)

२००९ मध्ये युरोपीय संघानं व्यापारी शिकारीतून आलेल्या सर्वच सील उत्पादनांवर बंदी घातली. इन्युइटांना सूट ठेवली. कॅनडा आणि नॉर्वे जागतिक व्यापार संघटनेत गेले. २०१४ मध्ये अपील मंडळानं सूट देण्याच्या पद्धतीत भेदभाव आहे असं सांगितलं, ती दुरुस्त करायला लावली. पण मूळ मुद्दा मान्य केला: प्राण्यांच्या यातनांबद्दल लोकांना वाटणारी नैतिक चिंता हे व्यापार रोखण्याचं कायदेशीर कारण होऊ शकतं. पन्नास वर्षं ज्यांना भावनाविवश म्हणून हिणवलं, त्यांची भावना आंतरराष्ट्रीय कायद्यात नोंदली गेली. अमेरिकेनं १९७२ मध्येच दार बंद केलं होतं. रशिया, तैवान, स्वित्झर्लंड यांनीही ते बंद केलं आणि २०१८ मध्ये भारतानंही सीलच्या कातडीची आयात थांबवली.

(दृश्य: विरळ होत चाललेला बर्फ)

२००६ मध्ये एका कातडीला शंभर डॉलरच्या आसपास भाव होता, तीन वर्षांत तो पंधराच्या जवळ आला. सरकारनं चार लाखांचा कोटा दिला, तरी शिकार त्याच्या जवळपासही गेली नाही. दरम्यान बर्फच दगा देऊ लागला. २०१० मध्ये आखातात तो इतका कमी होता, की असंख्य पिल्लं पोहायला शिकण्याआधीच पाण्यात गेली.

म्हणून प्राणिरक्षक संस्थांची मागणी आता अगदी व्यवहारी आहे. सरकारनं शिकारीचे परवाने रोख मोबदला देऊन कायमचे परत घ्यावेत आणि तो पैसा किनाऱ्यावरच्या गावांतच नव्या रोजगारात घालावा. इन्युइटांची शिकार त्यांच्याच हाती राहावी. राजधानी ओटावातल्या एकाही सरकारनं ही मागणी अजून मान्य केलेली नाही.