वेल्श खरंच ऑफसाइड होता का?

नमस्कार मंडळी! सांगलीच्या मैदानावर उभा आहे. मागं पोरांचा कबड्डीचा सराव चाललाय, आरडाओरडा ऐकू आला तर सांभाळून घ्या. आज रग्बीतला एक निर्णय बघू, ज्यावरनं लोक अजून हमरीतुमरीवर येतात.

१८ ऑक्टोबर २०१५. लंडनचं ट्विकनहॅम, वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल. स्कॉटलंड ३४, ऑस्ट्रेलिया ३२. शेवटची दोन-एक मिनिटं उरलेली, वरनं पाऊस. स्कॉटलंडच्या लाइनआउटचा (बॉल मैदानाबाहेर गेल्यावर दोन्ही संघांच्या रांगांमधे फेकून खेळ परत सुरू करतात, तो) थ्रो लांब गेला, त्यांच्याच खेळाडूला लागून बॉल पुढं उडाला आणि पुढं असलेल्या स्कॉटलंडच्याच जॉन वेल्शनं तो धरला. रेफ्री क्रेग जुबेर यांची शिट्टी: ऑफसाइड, पेनल्टी ऑस्ट्रेलियाला. बर्नार्ड फोलीनं किक मारली, तीन गुण. ३५-३४. स्कॉटलंडचा हातातोंडाशी आलेला घास गेला.

आता नियम. आपल्या माणसानं बॉल खेळला आणि आपण त्याच्या पुढं असलो, की आपण ऑफसाइड. नुसतं तिथं असणं गुन्हा नाही. तिथनं खेळात हात घातला की शिक्षा. बॉल हातातनं पुढं सुटला, म्हणजे नॉक-ऑन झाला, तर एरवी समोरच्याला स्क्रम मिळतो, म्हणजे दोन्ही संघ खांदे भिडवून रेटतात आणि मधे बॉल टाकायचा मान समोरच्याचा. पण तो सुटलेला बॉल पुढच्या साथीदारानं धरला आणि समोरच्यांची संधी गेली, तर थेट पेनल्टी. जुबेर यांना जे दिसलं, त्यावर शिट्टी बरोबरच होती.

पण रिप्ले हळू करून बघा. नॉक-ऑन आणि वेल्श यांच्या मधे आणखी एक हात आहे. ऑस्ट्रेलियाचा निक फिप्स. तो बॉलवर झेपावतो, बॉल त्याला लागतो आणि मगच वेल्शकडं जातो. नियम सांगतो, समोरच्या संघातल्या कुणी बॉल मुद्दाम खेळला, तर ऑफसाइड असलेला खेळाडू ऑनसाइड होतो.

ही खाली कबड्डीच्या मैदानाची फक्कीची रेघ दिसतेय? हिच्या पलीकडचं राखीव क्षेत्र. चढाई करणाऱ्यानं कुणाला न शिवता तिथं पाय टाकला, तर बाद. एकदा झटापट झाली, की तीच पट्टी मैदानात धरतात. फिप्सच्या स्पर्शानं वेल्शचं तसंच झालं.

सगळा वाद त्या ‘मुद्दाम’वर आहे. बॉल नुसता येऊन आदळला असता, तर वेल्श ऑफसाइडच राहिला असता. मला मात्र फिप्सचे हात बॉलकडं जाताना स्पष्ट दिसतात. दुसऱ्याच दिवशी वर्ल्ड रग्बीनंही जाहीर केलं, की पेनल्टी नको होती. मूळ नॉक-ऑनसाठी ऑस्ट्रेलियाला स्क्रम द्यायला हवा होता.

मग जुबेर यांनी टीएमओला, म्हणजे टीव्हीवर रिप्ले बघणाऱ्या पंचाला, का विचारलं नाही? कारण तेव्हाच्या नियमांत अशा प्रसंगी विचारायची मुभाच नव्हती. मला खरी चीड येते ती इथं. वर्ल्ड कपची बाद फेरी, मैदानाभोवती इतके कॅमेरे, आणि ज्याच्या शिट्टीवर एक देश घरी जाणार त्यालाच ते चित्र बघायची परवानगी नाही! लोकांनी सगळा राग त्या एका माणसावर काढला, तो मला पटत नाही.

आणि एक ध्यानात घ्या: स्क्रम दिला असता, तरी बॉल ऑस्ट्रेलियाकडंच येणार होता, तोही स्कॉटलंडच्या हद्दीत. एका ड्रॉप गोलचेही, म्हणजे चालू खेळात बॉलचा टप्पा पाडून गोलखांबांमधनं मारलेल्या किकचेही, तीनच गुण असतात.