तीनशेपैकी 134

(दृश्य: मोबाइलचा पडदा. निकालाच्या पानावर दोन रिकामे रकाने.)

बारावीच्या निकालाच्या पानावर दोनच गोष्टी भराव्या लागतात: बैठक क्रमांक आणि आईचं नाव. दुपारी एकला घरोघरी हेच दोन रकाने भरले जातात. 2025 मध्ये हा दिवस 5 मे होता आणि राज्यातली 91.88 टक्के मुलं पास झाली.

ही फिल्म मात्र पास किंवा नापास या एका शब्दात न मावणाऱ्या मुलांबद्दल आहे.

(दृश्य: गुणपत्रक जवळून. पेन्सिलीचं टोक तीन ओळींवर थांबतं.)

हे गुणपत्रक आम्ही उदाहरणासाठी तयार केलंय. भौतिकशास्त्र 43, रसायनशास्त्र 47, गणित 44. खाली शेरा: उत्तीर्ण. घरात पेढे आलेत. तीन विषयांची बेरीज मात्र 134 होते, म्हणजे 44.67 टक्के. इंजिनिअरिंगच्या पात्रतेला खुल्या प्रवर्गात 45 टक्के लागतात, तीनशेपैकी 135. सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, नव्वद पर्सेंटाइल असलं तरी हा एक गुण आडवा येतो. मेरिट लागतं सीईटीवर, पण दारातून आत सोडते बारावीच.

अशा वेळी घरचे पहिलं वाक्य बोलतात, "जुलैला परत बसव." थांबा. आधी आकडे पुन्हा मांडा. पात्रतेच्या नियमात भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचे आहेत, तिसरा विषय रसायनशास्त्रच हवा असं नाही. जीवशास्त्र चालतं, बायोटेक्नॉलॉजी चालतं, संगणकशास्त्र चालतं, व्यावसायिक विषय चालतो, माहिती तंत्रज्ञानही चालतं. दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेतलेली मुलं कितीतरी असतात आणि आयटीत गुण सढळ पडतात. या गुणपत्रकात आयटीला 81 असतील तर 43, 44 आणि 81 मिळून 168. छप्पन्न टक्के. परीक्षेची गरजच उरली नाही. ही बेरीज न करता उन्हाळाभर पुन्हा क्लास लावलेली मुलं दरवर्षी दिसतात, आणि त्यांना हे सांगणारं कॉलेजात कुणी भेटलेलं नसतं, ही खरी रड आहे.

महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल आणि दिव्यांग उमेदवारांना 40 टक्के पुरतात, म्हणजे तीनशेपैकी 120. पण इथे एक खाच आहे. जात वैधता प्रमाणपत्र किंवा नॉन-क्रीमी लेयर मुदतीत जमा झालं नाही, तर उमेदवार खुल्या प्रवर्गात मोजला जातो. मग निकषही खुल्याचाच लागतो. 126 गुणांचा मुलगा सकाळी पात्र असतो आणि संध्याकाळी अपात्र. अभ्यासात काही कमी पडलेलं नसतं, कागद कमी पडलेला असतो.

(दृश्य: कॉलेजच्या ऑफिसची खिडकी. आत फायलींचे गठ्ठे, बाहेर रांग.)

पूर्वी नापास झालेला मुलगा 'ऑक्टोबरला बसायचा'. निकाल लागेपर्यंत कॉलेजं सुरू होऊन सहामाही आलेली असायची, वर्ष गेल्यातच जमा. आता पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते. 2025 मध्ये बारावीची पुरवणी 24 जूनला सुरू होऊन 16 जुलैला संपली आणि निकाल 29 जुलैला आला. 5 मेपासून मोजले तर तयारीला पन्नास दिवस.

पुरवणीला बसणाऱ्यांत मुख्य दोन जातकुळी आहेत. पहिली नापास विषयांची. एक, दोन, तीन, जितके राहिले तितके. दुसरी पास झालेल्यांची, श्रेणीसुधार किंवा गुणसुधार योजनेतली. आपली 134 वाली मुलगी या दुसऱ्या गटात येते आणि तिच्यासाठी अट कडक आहे: सगळेच विषय पुन्हा द्यायचे. फक्त गणित देऊन एक गुण वाढवून घेता येत नाही. इंग्रजीचा पेपरही पुन्हा, भाषेचाही पुन्हा. सीबीएसईत बारावी पास झालेल्याला जुलैत एका विषयाचे गुण सुधारता येतात. आपल्या मंडळाने तसं का करू नये, हा रास्त प्रश्न आहे. पण आज नियम हा आहे. या योजनेत लगतच्या तीन संधी मिळतात. फेब्रुवारी-मार्च 2025 ला पास झालेल्यांसाठी त्या होत्या जून-जुलै 2025, फेब्रुवारी-मार्च 2026 आणि जून-जुलै 2026.

तिसरा एक लहान गट असतो, 'तुरळक विषय' घेणाऱ्यांचा. बारावीला जीवशास्त्र घेतलं, गणित घेतलं नाही, आणि आता गणित हवंय, असे.

अर्ज मुलाने घरी बसून मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा नसतो, तो आपल्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जातो. आणि तो लवकर सुरू होतो. 2025 मध्ये निकाल सोमवारी लागला आणि पुरवणीचे अर्ज त्याच आठवड्यात उघडले. कॉलेजला मे महिन्याची सुट्टी, ऑफिसात एकच क्लार्क, आणि मुलं रुसून मामाच्या गावाला. मुदत अशीच निघून जाते. नंतर विलंब शुल्क भरावं लागतं, आणि त्याच्याही पुढे अर्जच बंद होतो.

(दृश्य: उत्तरपत्रिकेची छायाप्रत. बोट एकेका प्रश्नाच्या गुणांवरून सरकतं.)

एक गुण कमी असेल तर परीक्षेआधी एक स्वस्त वाट तपासून बघायला हवी. गुणपडताळणीला एका विषयाचे 50 रुपये, उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीला 400, पुनर्मूल्यांकनाला 300. अलीकडची काही वर्षं हेच दर आहेत. पडताळणीत फक्त बेरीज आणि तपासायचं राहून गेलेलं उत्तर बघतात, पेपर पुन्हा तपासत नाहीत. पुन्हा तपासून हवा असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते आणि ती हाती आल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो.

छायाप्रत आली की भावनेच्या भरात उत्तरं वाचत बसू नका. पहिल्या पानावरचा गुणांचा तक्ता आणि आतल्या पानांवरचे गुण एकेक करून जुळवा. पुरवण्या किती लावल्या होत्या आणि प्रतीत किती आल्या, ते मोजा. (आपल्याकडे 'पुरवणी' म्हणजे जादा कागदही आणि जादा परीक्षाही. दोन्ही पुरत नाहीत, हा विनोद जुना आहे.) ज्या उत्तरावर खूणच नाही ते शोधा. मग विषयाच्या सरांना दाखवा आणि ते म्हणाले तरच 300 रुपये भरा.

घोटाळा होतो तो इथेच. पुनर्मूल्यांकनाच्या आशेवर पुरवणीचा अर्ज भरायचा राहतो. निकाल येईपर्यंत मुदत संपलेली असते, आणि गुण वाढलेले नसतात. म्हणून दोन्ही अर्ज एकाच वेळी करायचे. गुण वाढलेच तर परीक्षेचं शुल्क गेलं समजायचं. प्रवेशाचा अर्ज भरून झाल्यावर गुण बदलले, तर मंडळाचा कागद घेऊन सुविधा केंद्रात, म्हणजे प्रवेशाचे अर्ज तपासतात तिथे, जावं लागतं. बदल पुढच्या फेरीपासून धरतात, झालेली फेरी मागे फिरत नाही.

(दृश्य: टेबलावर भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका आणि लॉग टेबल.)

पन्नास दिवसांत अख्खा अभ्यासक्रम नव्याने होत नाही, व्हायची गरजही नाही. भौतिकशास्त्राच्या सत्तर गुणांच्या पेपरचा पहिला भाग बघा. एकेका गुणाचे दहा बहुपर्यायी प्रश्न आणि एकेका गुणाचे आठ एका ओळीचे प्रश्न. अठरा गुण. त्यांना पर्याय नाही, पण लांबण लावायचीही गरज नाही. पुढे बारापैकी आठ सोडवा अशी सोय दोन गुणांच्या प्रश्नांतही आहे आणि तीन गुणांच्या प्रश्नांतही. म्हणजे चार-पाच जड प्रकरणं बाजूला ठेवून उरलेली पक्की केली, तरी पेपर हाताशी राहतो.

बहुपर्यायी प्रश्नात गुण जातात ते अज्ञानापेक्षा घाईने. सूचना स्पष्ट असते: पर्यायाचं अक्षर आणि उत्तर, दोन्ही लिहा. मुलं नुसतं अक्षर लिहून मोकळी होतात. दुसरी सूचना त्याहून महागात पडते: पहिलाच प्रयत्न तपासला जाईल. आधी एक उत्तर लिहून नंतर त्याच प्रश्नाचं दुसरं लिहिलं, तर दुसऱ्याकडे कुणी बघत नाही. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. ते वापरण्याची बोटांना सवय नसेल तर गणितं येत असूनही वेळ संपतो. आता सुरुवातीला वाचायला मिळणारी दहा मिनिटं नाहीत, ती शेवटी मिळतात. सकाळचा पेपर अकराला सुरू होतो, दोन वाजून दहा मिनिटांनी संपतो, आणि साडेदहाला केंद्रावर हजर राहायचं असतं.

लेखीखेरीज प्रात्यक्षिक आणि तोंडीही असतात. त्यांची तारीख कॉलेजच्या फलकावर लागते, आणि जूनमध्ये फलकाकडे कुणी फिरकत नाही. रोज एक फेरी मारा, निदान फोन करा.

पुरवणी सोपी काढतात, हा समज सोडून द्या. 2024 आणि 2025, दोन्ही वर्षी बारावीच्या पुरवणीला बसलेल्यांतली निम्म्याहून कमी मुलं पास झाली.

(दृश्य: भिंतीवर शेजारी शेजारी दोन कॅलेंडरं. एकावर परीक्षेच्या खुणा, दुसऱ्यावर प्रवेशाच्या.)

सगळी गंमत या दोन कॅलेंडरांच्या सांध्यात आहे. एक मंडळाचं, दुसरं प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलचं. दोघांची एकमेकांशी बोलाचाली असेलच असं नाही. 2025 मध्ये पुरवणीचा निकाल 29 जुलैला आला तोवर इंजिनिअरिंगच्या कॅपसाठीची (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची) नोंदणी बंद झालेली होती. मुदतीनंतर केलेला अर्ज फक्त नॉन-कॅप जागांसाठी धरला जातो. म्हणजे संस्थास्तरावरच्या आणि कॅपच्या फेऱ्या आटोपल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागा. कॉलेज जाहिरात देतं, तिथे थेट अर्ज करायचा आणि गुणवत्तेने प्रवेश घ्यायचा. चांगल्या कॉलेजातल्या मागणीच्या शाखा तोवर बहुतेक भरलेल्या असतात. तरी जागा मिळते.

पण पैशाचं गणित बदलतं, आणि हे कुणी आधी सांगत नाही. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती कॅपमधून मिळालेल्या प्रवेशाला लागू आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना 2024 पासून मिळणारी पूर्ण शुल्कमाफीही त्याच दारातून येते. संस्थास्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की सगळी फी खिशातून. चार वर्षांचा हिशेब मांडला, तर काही घरांना एक वर्ष थांबून पुढच्या कॅपला बसणं परवडतं. तसं ठरवलं तर सीईटीही पुन्हा द्यावी लागेल, कारण तिचे गुण त्याच वर्षापुरते असतात.

जेईईवाल्यांचं वेगळं आहे. एनआयटीसाठी बारावीत 75 टक्के लागतात, किंवा आपल्या मंडळातल्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी 65 टक्के. जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या एकत्रित प्रवेशाच्या, फेऱ्या जून-जुलैतच उरकतात, तेव्हा जुलैअखेरच्या निकालाचा त्या वर्षी उपयोग नाही. आणि श्रेणीसुधार केल्याने जेईई अ‍ॅडव्हान्स्डला बसण्याच्या संधींचं घड्याळ नव्याने सुरू होत नाही. ते बारावीला पहिल्यांदा बसलात त्या वर्षापासूनच चालतं.

बीए, बीकॉम, बीएस्सीला एवढी ओढाताण नाही. रिकाम्या जागांवर पुरवणीच्या निकालानंतरही मुलं घेतली जातात. श्रेणीसुधाराला बसताना हाताशी असावं म्हणून पुष्कळ जण जूनमध्ये बीएस्सीला नाव घालून ठेवतात. शहाणपणाचं आहे, पण मूळ गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला त्या कॉलेजात जमा होतो. ऑगस्टमध्ये दुसरीकडे जागा मिळाली की तो सोडवून आणायला दोन दिवस मोडतात, आणि प्रवेश निश्चित करायला नेमके दोनच दिवस असतात. जमा करण्याआधी साक्षांकित प्रती काढा, आणि प्रवेश रद्द करण्याचा अर्ज आठवड्यातल्या कुठल्या वारी घेतात ते आधीच विचारून ठेवा.

(दृश्य: पुन्हा मोबाइल. तेच पान, तेच दोन रकाने. बाहेर पाऊस.)

जुलैअखेर. दुपारी एक. पुन्हा बैठक क्रमांक आणि आईचं नाव. पुष्कळ मुलं पाठ झालेला मार्चचा क्रमांक टाकतात आणि जुनाच निकाल नाहीतर चूक दाखवणारी ओळ बघून हबकतात. पुरवणीचा बैठक क्रमांक नवा असतो, तो जूनच्या हॉल तिकिटावर आहे. प्रवेशाच्या अर्जातही आता तोच भरायचा, आणि परीक्षेचा महिना 'मार्च' बदलून 'जुलै' करायचा.

भौतिकशास्त्र 51. रसायनशास्त्र 49. गणित 58.

आता सुविधा केंद्राची वेळ बघायची. संध्याकाळी पाचपर्यंत उघडं आहे.