राइट फील्डमधला रॉबर्टो

[दृश्य : पिट्सबर्ग. अ‍ॅलेगेनी नदीवरचा पिवळा पूल, पायी चाललेली गर्दी.]

सामन्याच्या दिवशी हा पूल गाड्यांना बंद असतो. काळ्या-पिवळ्या जर्सी घातलेली माणसं शहराकडून चालत निघतात आणि पूल ओलांडला की समोरच पीएनसी पार्क, पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाचं मैदान. १९९८ पासून या पुलाला पायरेट्सचा खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे याचं नाव आहे. मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे. आत राइट फील्डची भिंत मुद्दाम २१ फूट उंच बांधली आहे, कारण त्याच्या पाठीवरचा आकडा होता २१. आज या शहराला त्याचं किती करू आणि किती नको असं झालंय. तो इथे खेळायला आला तेव्हा मात्र त्याचं नावसुद्धा लोकांनी आपल्या सोयीनं बदलून टाकलं होतं.

[दृश्य : जुनी चित्रफीत. राइट फील्डमधून फेक. तीच फेक पुन्हा, संथ गतीनं.]

होम प्लेटपाशी, म्हणजे बॅटिंग करणारा उभा असतो तिथे, उभं राहून मैदानाकडे पाहिलं, की उजव्या हाताला दूरवर पसरलेला भाग म्हणजे राइट फील्ड. तिथून तिसरा बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा तिसरा टप्पा, बराच लांब पडतो. म्हणून चेंडू राइट फील्डकडे गेला, की पहिल्या बेसवरचा धावपटू दुसऱ्यावर न थांबता सरळ तिसऱ्याकडे सुटतो. त्याची सगळी भिस्त त्या अंतरावर असते. समोर क्लेमेंटे असला की ती भिस्त उरायची नाही. सीमारेषेवरून टप्पा न पडता थेट स्टंपवर आलेला थ्रो क्रिकेटमध्ये कधीतरी दिसला तरी आपण आठवडाभर त्यावर बोलतो. याचं ते रोजचं काम होतं. क्षेत्ररक्षणासाठीचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार त्यानं १९६१ ते १९७२ अशी सलग १२ वर्षं मिळवला.

आणि हा त्याचा झेल. हात कमरेपाशी, तळवा वर. प्रशिक्षक मुलांना असं कधीच शिकवणार नाहीत.

[दृश्य : पोर्तो रिको. करोलिना गाव, उसाची शेतं.]

१८ ऑगस्ट १९३४ रोजी तो इथे, पोर्तो रिको या स्पॅनिश बोलणाऱ्या कॅरिबियन बेटावर, करोलिनात जन्मला. भावंडांत सगळ्यात धाकटा. वडील मेल्चोर उसाच्या फडावर मुकादम होते. शाळेत रॉबर्टो भालाफेकीत पुढे होता आणि पुढे आपल्या हातातल्या ताकदीचं श्रेय तो त्या भाल्यालाच द्यायचा. १८व्या वर्षी तो तिथल्याच सँटुर्सेच्या संघातून बेसबॉल खेळायला लागला.

यानंतरची गोष्ट सगळी कागदोपत्री घडली, पण ती समजून घ्यायला हवी. १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी त्याला १०,००० डॉलर बोनस देऊन करारबद्ध केलं. तेव्हाचा नियम असा होता, की ४,००० डॉलरपेक्षा जास्त देऊन घेतलेला नवा खेळाडू मुख्य संघातच ठेवायचा. खालच्या संघात धाडला, तर मोसम संपल्यावर दुसरा कुठलाही संघ त्याला उचलू शकतो. डॉजर्सनी त्याला माँट्रियलच्या आपल्या खालच्या संघात धाडला. तिथे त्याला खेळवलंही बेताचंच. अख्ख्या मोसमात बॅटिंगची संधी दीडशेच्या आत. कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून हे केलं, असं आजही बरेच जण मानतात. पण सामन्याआधीच्या सरावात हात लपवणार कसा? पायरेट्सचे क्लाइड सुकफोर्थ आले होते दुसऱ्याच एका गोलंदाजाला, म्हणजे पिचरला, पाहायला. ते क्लेमेंटेचे थ्रो बघत बसले. पायरेट्स त्या वर्षी तळाला होते, त्यामुळे निवडीचा पहिला हक्क त्यांचा. २२ नोव्हेंबर १९५४ ला अवघ्या ४,००० डॉलरमध्ये क्लेमेंटे पिट्सबर्गचा झाला.

[दृश्य : फ्लोरिडातल्या सरावाची छायाचित्रं. बसच्या खिडक्या.]

सराव शिबिर फ्लोरिडात, फोर्ट मायर्सला. गोरे खेळाडू हॉटेलात उतरायचे आणि काळे खेळाडू, त्यांत क्लेमेंटेही, गावातल्या काळ्या कुटुंबांच्या घरी. प्रवासात बस थांबली की गोरे आत जेवायला जात, बाकीच्यांनी बसमध्येच बसून कुणी काही आणून देईल याची वाट पाहायची. क्लेमेंटेला हे चालत नव्हतं. त्यानं व्यवस्थापनाकडे हट्ट धरला आणि शेवटी काळ्या खेळाडूंसाठी वेगळी गाडी मिळवली.

[दृश्य : बेसबॉल कार्ड. वर्तमानपत्रांची कात्रणं.]

कार्डावर नाव वाचा : ‘बॉब क्लेमेंटे’. रॉबर्टोचा परस्पर बॉब करून टाकला. तो म्हणत राहिला, माझं नाव रॉबर्टो. कार्डं वर्षानुवर्षं ‘बॉब’च छापत राहिली.

आणि ही कात्रणं. १९६१ च्या ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या, सामन्यात विजयी धाव त्यानं मिळवून दिली. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं बोलणं छापलं ते त्याच्या उच्चारांसकट, मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगमध्ये, हसू यावं म्हणून. परक्या भाषेत दोन वाक्यं बोलायला ज्याला घाम फुटला आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना त्याच्या भाषेत चार शब्द बोलता आले असते, हा प्रश्न त्या पेपरांनी काही छापला नाही.

[दृश्य : बॅटिंगला येताना मान फिरवणारा क्लेमेंटे.]

ही मान फिरवण्याची लकब नंतर पोरंटोरं नक्कल करून दाखवायची. १९५४ च्या अखेरीस एका दारुड्या चालकानं त्याच्या गाडीला धडक दिली होती, पाठीचं दुखणं तेव्हापासूनचं. पत्रकार म्हणायचे, नाटकं करतो.

[दृश्य : फोर्ब्स फील्डची उरलेली भिंत, वेली चढलेल्या.]

फोर्ब्स फील्ड आता नाही, ही भिंत तेवढी उरली आहे. १९६० ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाअखेरची अजिंक्यपदाची मालिका, पायरेट्सनी इथेच यँकीजविरुद्ध जिंकली. सातही सामन्यांत क्लेमेंटेचा हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, होता. त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूसाठी पत्रकारांनी मतं दिली, त्यात त्याला आठवा ठेवला. तो पुरस्कार मिळायला १९६६ उजाडलं. मधल्या काळात लीगमध्ये सर्वाधिक सरासरीचा, म्हणजे बॅटिंगच्या संधींमागे हिटच्या प्रमाणाचा, मान त्यानं तीनदा पटकावला, ६७ मध्ये चौथ्यांदा.

[दृश्य : १९७१ ची वर्ल्ड सिरीज, रंगीत.]

बॉल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध पायरेट्स पहिले दोन सामने हरले. क्लेमेंटे तेव्हा ३७ वर्षांचा. सहावा सामना, नववी इनिंग, बरोबरी. चेंडू राइट फील्डच्या कोपऱ्यात गेलाय, धावपटू पहिल्या बेसवरून निघालाय... आणि हा थ्रो. थेट होमकडे. धावपटू तिसऱ्यावरच थांबला. सामना पुढे ओरिओल्सनी घेतला, पण त्या फेकीचं नाव अजून निघतं. सातव्या सामन्यात क्लेमेंटेचा होमरन, म्हणजे सगळे बेस फिरून धाव देणारा फटका, पायरेट्स २-१ नं विजयी. पूर्ण मालिकेत त्याची सरासरी .४१४, पुन्हा सातही सामन्यांत हिट, आणि या वेळी मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू तोच.

[दृश्य : ड्रेसिंग रूम. मायक्रोफोनसमोर क्लेमेंटे.]

अख्खी अमेरिका टीव्ही लावून बसलेली. तो आधी परवानगी घेतो, की इंग्रजीत बोलण्यापूर्वी आई-वडिलांसाठी स्पॅनिशमध्ये थोडं बोलू द्या. आणि बोलतो : आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी मुलांना माझे आशीर्वाद, आणि माझ्या आईवडिलांनी मला आशीर्वाद द्यावेत.

[आवाज मूळ. निवेदन नाही.]

[दृश्य : ३० सप्टेंबर १९७२. थ्री रिव्हर्स स्टेडियम.]

न्यूयॉर्क मेट्सचा पिचर जॉन मॅटलॅक. दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका. ३,००० वा हिट. टोपी उचलून अभिवादन. साखळी सामन्यांतला त्याचा हा शेवटचा हिट ठरला. १८ मोसम, सगळे एकाच संघाकडून, सरासरी .३१७.

[दृश्य : मनाग्वा, भूकंपानंतर. सान हुआनचा किनारा.]

२३ डिसेंबरला निकाराग्वात भूकंप झाला. तिथली मदत लष्करवाले मधल्यामध्ये गिळताहेत असं कळल्यावर क्लेमेंटे स्वतः निघाला. ३१ डिसेंबरच्या रात्री मदतीचा जास्तीचा माल भरलेलं त्याचं जुनं डीसी-७ विमान उड्डाणानंतर लगेचच समुद्रात कोसळलं. विमानातले पाचही जण गेले. त्याचा देह मिळाला नाही.

[दृश्य : कूपर्सटाउन, हॉल ऑफ फेम.]

निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबण्याचा नियम त्याच्यासाठी बाजूला ठेवला आणि १९७३ मध्ये त्याला बेसबॉलच्या या सन्मानदालनात घेतलं. लॅटिन अमेरिकेतला तो पहिलाच. स्पॅनिश रीतीनं वडिलांचं आडनाव आधी, आईचं नंतर, म्हणजे रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर. फलकावर मात्र इंग्रजी पद्धतीनं ‘रॉबर्टो वॉकर क्लेमेंटे’ असं घातलं गेलं. २००० साली तो उतरवून नावाचा क्रम दुरुस्त केलेला हा फलक बसवला.