डिस्टिंक्ट: वेगळा की ठळक?

जून महिना. अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नाही. गाइड, वह्या, जुनी पुस्तकं, आणि काउंटरवर सगळ्या पालकांचं एकच पालुपद, यंदा डिस्टिंक्शन पाहिजेच हं. दहावीला 75 टक्क्यांच्या पुढे गेलं की डिस्टिंक्शन, म्हणजे विशेष प्रावीण्य, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही माहितीये. पण त्याच घरातला डिस्टिंक्ट हा शब्द मात्र बहुतेकांना अर्धाच माहिती असतो.

अर्धा म्हणजे कसा, तर डिस्टिंक्ट म्हणजे वेगळा असं आपण पाठ केलं आणि पुढे गेलो. मूळ लॅटिन, वेगळं काढणं या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला हा शब्द, पण इंग्रजीत त्याला दुसरंही काम आहे, ते म्हणजे स्पष्ट, ठळक, पटकन जाणवेल असा. स्वयंपाकघरात शिरलात आणि गॅसचा वास आला, भास नाही, अगदी नाकात शिरतोय, तर तो डिस्टिंक्ट स्मेल. इथे वेगळा वास म्हणालात तर पंचाईत, कारण सांगायचंय एवढंच की वास येतोय, शंकाच नको, आधी रेग्युलेटर बंद करा! तसंच पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडण्याची डिस्टिंक्ट पॉसिबिलिटी आहे असं वाचलंत तर नदीपात्रातल्या रस्त्यावर लावलेली गाडी मुकाट्याने काढून आणायची.

मग ओळखायचं कसं? पुढे फ्रॉम आला की वेगळा. मुळा इज डिस्टिंक्ट फ्रॉम मुठा, निदान संगमापर्यंत तरी. नामाच्या आधी एकटाच आला की बहुतेक वेळा ठळक. बहुतेक वेळा म्हटलं कारण अनेकवचन आलं, टू डिस्टिंक्ट ग्रुप्स वगैरे, की गाडी परत वेगळेपणावर येते.

खरी गंमत गणितात आहे. वर्गसमीकरणाची मुळं 2 आणि 3 आली तर डिस्टिंक्ट, दोन्ही 3 आली तर नाही, इथपर्यंत ठीक. पण 2 आणि 2.0001 आली तरी ती डिस्टिंक्टच, डोळ्याला फरक दिसो न दिसो. म्हणजे बोलण्यात जो ठळकपणा हवा असतो त्याला गणितात कोणी विचारतच नाही, केसाएवढा फरक असला तरी पुरे.

हिंजवडीत आयटी कंपन्यांत बसलेल्या पोरापोरींना हा शब्द भेटतो तो असाच, कोरडा. डेटाबेसमधल्या एरियाच्या कॉलमवर सिलेक्ट डिस्टिंक्ट, म्हणजे प्रत्येक नोंद एकदाच दाखव ही आज्ञा, चालवलं की कोथरूड शंभरदा असलं तरी एकदाच येतं, डुप्लिकेट गळाले. पण कोणी कोथरूड लिहिलं, कोणी ऱ्हस्व रु काढून कोथरुड, की साधारणपणे लिस्टमधे दोन कोथरूड, कारण मशीनच्या लेखी ती दोन गावं. (ऱ्हस्व-दीर्घावरून वाद घालणाऱ्या सदाशिव पेठेला हे ऐकून बरं वाटेल.) आणि शेजारी नावाचा कॉलम जोडला की जोडी बघितली जाते, मग कोथरूडचे जोशी वेगळे, कोथरूडचे शिंदे वेगळे, आणि कोथरूड परत दोनदा. नव्याने क्वेरी, म्हणजे अशा आज्ञा, लिहिणारे इथे हमखास डोकं खाजवतात.

आता याचा भाऊ, डिस्टिंक्टिव्ह. लोक दोघांची सर्रास अदलाबदल करतात, इंग्रजी पेपरातही, आणि ते कानाला खटकतं. डिस्टिंक्टिव्ह म्हणजे ज्याच्यावरून ती गोष्ट ओळखू येते ती खूण, तिचा स्वतःचा असा बाज. एखाद्या जुन्या वाड्याच्या दारावरची पाटी घ्या, बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही. लांबून वाचता येतात ती अक्षरं डिस्टिंक्ट. आणि न विचारता केलेला अपमान, तो डिस्टिंक्टिव्ह.