पंखाखालची रात्रपाळी

[मुंबई विमानतळ, टर्मिनल २. रात्र. विमानाच्या पंखाखालून]

काचेची बरणी उजेडासमोर धरलीय. इंधनात गढूळपणा आहे का, तळाला कण बसलेत का, हे आधी नुसत्या डोळ्यांनी बघायचं. मग सिरिंजच्या टोकाला पिवळी कॅप्सूल लावून थोडं इंधन ओढायचं. पाणी असेल तर पिवळा रंग हिरवट होतो. आज पिवळाच राहिला. "क्लिअर अँड ब्राइट," असं म्हणून इंधन भरणाऱ्या कर्मचाऱ्याने नोंद केली आणि नळीकडे वळला.

हे विमान न्यूयॉर्कला निघालंय. सुमारे १२,५०० किलोमीटर, साधारण १५-१६ तास, मध्ये कुठेही थांबा नाही. अशा उड्डाणांवरच्या फिल्म कॉकपिटमध्ये सुरू होतात आणि बिझनेस क्लासमध्ये संपतात. आम्ही कॅमेरा मुद्दाम पंखाखाली ठेवला. सलग उड्डाण म्हणजे आधी इंधनाचा हिशोब, आणि तो इथे, रात्रपाळीत जुळवला जातो.

[जुनी छायाचित्रं]

१५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला आले. वाटेत अहमदाबादला त्यांच्या 'पस मॉथ' या छोट्या विमानासाठी पेट्रोलचे डबे चक्क बैलगाडीतून आले होते. ८ जून १९४८ ला 'मलबार प्रिन्सेस' विमान मुंबईहून लंडनला निघालं, तेही कैरो आणि जिनिव्हा करत. १९६० मध्ये बोइंग ७०७ न्यूयॉर्कला पोचलं, लंडनमार्गे. मधले थांबे गळायला २००७ साल उजाडलं. त्या ऑगस्टमध्ये एअर इंडियाने मुंबई-न्यूयॉर्क सलग सेवा सुरू केली.

[माहुलच्या रिफायनऱ्यांची धुराडी. मग पुन्हा बे, म्हणजे विमान उभं राहण्याची जागा]

आता बैलगाडी नाही. मुंबईतल्याच माहुलच्या रिफायनऱ्यांतून इंधन पाइपलाइनने विमानतळापर्यंत येतं आणि जमिनीखालच्या जाळ्यातून थेट बेवर. समोरच्या डिस्पेन्सर गाडीत इंधनाचा थेंबही साठवलेला नसतो. ती जमिनीतल्या हायड्रंटमधून, म्हणजे त्या जाळ्याच्या तोटीतून घेते, गाळते, मोजते आणि पंखातल्या टाकीत चढवते.

बोइंग ७७७ च्या लांब पल्ल्याच्या विमानात १,८१,००० लिटर मावतं. रस्त्यावर दिसणारे २०,००० लिटरचे नऊ टँकर ओतले तरी टाकी पुरती भरायची नाही.

इंधन भरणाऱ्याच्या हाताकडे बघा. मुठीत एक बटण आहे, डेडमन स्विच. ठरलेल्या वेळाने ते सोडून पुन्हा दाबावं लागतं. विसरला, डुलकी लागली, भोवळ आली, तर पुरवठा आपोआप बंद. म्हणजे टाकी भरेपर्यंत हा माणूस डोळ्यात तेल घालून उभा. मे महिन्यातल्या घामट रात्री, शेजारी इंजिनांची घरघर, आणि हे तासभर तरी.

मीटर लिटर दाखवतो, विमानाला मात्र किलो लागतात. गरम इंधन फुगतं, लिटर तेवढेच पण वजन कमी. म्हणून घनता मोजून आकडे ताडून बघितल्याशिवाय इंजिनिअर सही करत नाही. आणि जास्तीचं भरून ठेवू, असंही चालत नाही. जास्तीचं वजन वाहून नेण्यातच त्या वजनाच्या साधारण ३ ते ४ टक्के इंधन दर तासाला जळतं. १६ तास धरा आणि गुणाकार करा. कमी भरलं तर मध्येच कुठेतरी उतरण्याची वेळ, जास्त भरलं तर माल खाली ठेवायची.

[विमान मागे ढकललं जातं, मग धावपट्टीकडे निघतं]

भरलेलं ७७७ साडेतीनशे टनांपर्यंत जातं. गरम हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, त्यामुळे रात्रीचा गारवा पथ्यावर पडतो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरायची. मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटरची. एवढं जड विमान तिचा बराच भाग खाऊनच उठतं, आणि लगेच फार वर जाऊही शकत नाही. आधी ३०,००० फुटांच्या आसपास, मग इंधन जळेल तसं टप्प्याटप्प्याने वर. न्यूयॉर्कला उतरताना त्याचं वजन शंभरेक टनांनी कमी झालेलं असतं.

त्या शंभर टनांचा धूर वातावरणात जातो. आणि हे इंधन जिथून येतं त्या माहुलला पुनर्वसनाच्या नावाखाली धाडलेली कुटुंबं तिथल्या हवेविरुद्ध हायकोर्टापर्यंत गेली.

[बे. दुसरं विमान लागतंय]

पुढचं विमान लंडनचं. नळी गुंडाळली, गाडी पलीकडच्या हायड्रंटला लावली. पाळी सुटायला अजून वेळ आहे.