अव्वांच्या सुपाजवळ

(दृश्य: सकाळ. पुणे रस्त्यानं केगावकडे निघालेली सिटी बस. मग अक्कलकोट रस्ता, कुंभारी.)

सोलापूरच्या एका टोकाला केगाव. २००४ साली सुरू झालेलं आपलं विद्यापीठ इथं आहे, आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं ओळखलं जातं. दुसऱ्या टोकाला कुंभारी. विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवलेली १० हजार घरं. २००६ साली घरांच्या किल्ल्या हातात पडल्या. वसाहतीला नाव कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचं.

शिकलेली माणसं इथं येतात, पण बहुतेक वेळा हातात सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन.

(दृश्य: घराचा उंबरा. मांडीवर सूप. फक्त हात.)

या अव्वा. सत्तरीला आलेल्या. भिजवलेलं पान, त्यावर पत्र्याचं माप, कात्री फिरली की तुकडा तयार. चिमूटभर तंबाखू, बोटांत वळण, दोऱ्याचे वेढे. नजर रस्त्याकडे असली तरी हात चुकत नाही.

समोर बसलेला मुलगा समाजशास्त्राच्या एम.ए.ला आहे. मंगळवेढ्याकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. जिल्हा एकच. पण त्यानं विडी वळताना कधी पाहिलेली नाही, आणि अव्वांनी विद्यापीठ.

"फारम लई जणांनी भरून नेलेत," अव्वा म्हणतात. "परत कोण आलं नाही."

अशाच एका फॉर्मवर त्यांच्या नावापुढं 'निरक्षर' असं लिहिलेलं आहे. अव्वा घरात तेलुगू बोलतात, बाजारात मराठी, शेजारणीशी हिंदी, आणि अक्कलकोटचे पाहुणे आले की कन्नड. हजार विड्यांचा हिशेब तोंडी करतात. याला त्या फॉर्मात रकानाच नव्हता.

म्हणून आम्ही ठरवलं, फॉर्म न्यायचा नाही. मधे एक मोबाइल ठेवायचा, ४० मिनिटं बोलायचं, आणि दोघांनीही सांगायचं. ही कल्पना आमची नाही. २००३ साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात स्टोरीकॉर्प्स या संस्थेनं यासाठी एक छोटी खोली उभारली. दोन माणसं आत जाऊन एकमेकांशी बोलत. रेकॉर्डिंगची प्रत त्यांना मिळे, आणि त्यांची परवानगी असेल तर दुसरी प्रत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपली जाई. सोलापुरात वेगळ्या खोलीची गरज पडली नाही. उंबरा होता.

"आधी तू सांग," अव्वा म्हणाल्या. "आमचं काय, विडी आणि विडी."

मुलगा गडबडला. तो विचारायची तयारी करून आला होता. थोडा वेळ गेला. मग त्यानं आपल्या आजीचं सांगितलं. बाहत्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. तिथं मिळालेली सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, स्वतः खायची नाही, पदरात बांधून लेकरांसाठी घरी आणायची.

अव्वांची कात्री थांबली. तासाभरात पहिल्यांदा.

"बाहत्तरला माझं लगीन झालं. रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी वाढल्या वऱ्हाडाला." मिलो म्हणजे दुष्काळात रेशनवर मिळणारी परदेशी ज्वारी.

(दृश्य: अव्वांचा चेहरा. संगीत नको. दूरवर यंत्रमागांची खटखट.)

आणि मग नायनांची गोष्ट निघाली. नायना म्हणजे वडील. तेलंगणातून पोट भरायला आलेलं विणकराचं घराणं. नायना जुन्या गिरणीत कामाला होते. ही गिरणी १८७७ सालची. घर भोंग्यावर जागं व्हायचं. "गिरणी बंद पडली तरी नायना त्याच टायमाला उठायचे. तोंड धुवून, सदरा घालून दारात बसायचे. आई म्हणायची, आता कुठं जायचंय? बोलायचे नाहीत."

मुलगा काही लिहीत नव्हता. मान खाली घालून ऐकत होता.

इंग्रजांनी शहरावर लादलेला १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन सोलापूर विसरलेलं नाही. त्यांच्या नावाचा चौक आहे, पुस्तकांत पानं आहेत. पण बंद गिरणीच्या वेळेला सदरा घालून बसलेला माणूस कुठल्या पुस्तकात सापडायचा? मला मनापासून वाटतं, विद्यापीठाच्या ग्रंथालयात या आवाजांसाठी एक कपाट असावं. मात्र त्याची किल्ली आधी अव्वांसारख्यांच्या हातात हवी. काय ठेवायचं आणि काय पुसायचं, ते त्यांनी ठरवायचं.

(दृश्य: संध्याकाळ. नातीच्या मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू.)

प्रत नातीच्या मोबाइलवर आली. अव्वांनी नायनांचा भाग पुन्हा लावायला सांगितला. नात पहिल्यांदाच ऐकत होती.

"तुझी आजी हाय का रे अजून?" अव्वांनी मुलाला विचारलं.

"आहे."

"मग घेऊन ये तिला. मिलोची भाकर काय असते, तिलाच ठाऊक."

रविवारी मंगळवेढ्याहून एसटीनं दोघं निघणार आहेत. कॅमेरा चालेल का, हे आम्ही अव्वांना विचारलं आहे. त्या म्हणाल्या, आधी ती येऊ दे, मग बघू.