सोमवार रात्रीची झुंज

श्रोतेहो, नमस्कार.

आधी ठरवून खेळलेल्या कुस्तीला आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात. जोड नुरा आहे असा नुसता संशय आला तरी फडावरची माणसं हुर्यो उडवतात. अमेरिकेत याच प्रकाराचा बक्कळ पैशाचा धंदा आहे. शाळेत ज्यांनी डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळताना उंची-वजनावरून भांडणं केली, त्यांना वेगळं सांगायला नको. पण त्या धंद्यातल्या दोन मालकांमध्ये जी जुंपली, ती नुरा नव्हती.

एकीकडे व्हिन्स मॅकमहन यांची कुस्ती कंपनी डब्ल्यूडब्ल्यूएफ, दुसरीकडे सीएनएनवाले टेड टर्नर यांची डब्ल्यूसीडब्ल्यू. मॅकमहन यांचा टीव्हीवरचा कार्यक्रम ‘रॉ’ सोमवारी रात्री लागायचा. टर्नर यांच्या वाहिनीनं 1995च्या सप्टेंबरात सोमवारीच ‘नायट्रो’ आणला. पहिल्याच भागात लेक्स लुगर चालत आला. आदल्या दिवशीपर्यंत हा गडी मॅकमहन यांच्याकडे खेळत होता! पुढे हल्क होगन, लहान पोरांचा लाडका पैलवान, ‘नायट्रो’वाल्यांनी खलनायक केला आणि ऐंशीहून जास्त आठवडे प्रेक्षकसंख्येत ‘रॉ’ला मागे टाकलं.

त्यांची एक खोडी होती. ‘रॉ’चे बरेच भाग आधी चित्रित केलेले असत, ‘नायट्रो’ थेट. मग ‘नायट्रो’चा कर्ताधर्ता एरिक बिशॉफ समोरच्याचे निकाल थेट प्रक्षेपणातच फोडायचा. म्हणजे, कशाला तिकडे बघता?

4 जानेवारी 1999. अटलांटाचं जॉर्जिया डोम गच्च भरलेलं. बिशॉफच्या सांगण्यावरून समालोचक टोनी शियावोनी यांनी सांगून टाकलं, की तिकडे आज मिक फोली विजेता होणार आहे. आणि वर कुत्सितपणे म्हणाले, आता काय, खुर्च्या भरतीलच! आता हा फोली कोण? सुटलेलं अंग, एक कान तुटलेला, वर्षानुवर्षं मार खाऊन वर आलेला माणूस. त्याचं भलं होतंय हे कळल्यावर लाखो लोकांनी वाहिनी बदलली. निकाल माहीत असूनही! की माहीत होता म्हणूनच? मला तर दुसरं कारण खरं वाटतं.

त्याच रात्री इकडे ‘नायट्रो’वर होगननं केविन नॅशच्या छातीला एक बोट लावलं. जवळजवळ सात फुटी नॅश उताणा पडला आणि होगन विजेता. आपल्या जत्रेत असं केलं असतं तर नारळसुद्धा मिळाला नसता.

नंतर ‘रॉ’च्या गर्दीत फलक दिसू लागले : मी या खुर्चीत बसलोय तो मिक फोलीमुळे.

टर्नर यांच्या वाहिन्यांनी पुढे कुस्ती दाखवणंच थांबवलं आणि कंपनी मॅकमहन यांनी विकत घेतली. 26 मार्च 2001ला ‘नायट्रो’चा शेवटचा भाग लागला. सुरुवातीलाच पडद्यावर चेहरा आला तो खुद्द व्हिन्स मॅकमहन यांचा.